भुईचं मला कळत नाही

जरा थांबा. माझं डोलणं थांबू द्या, मग बोलतो. हलता हलता बोललो तर खोटं बोलेन, म्हणून आधी स्थिर व्हायची मला सवय.

मी एक ओळंबा. गवंड्याच्या पिशवीत थापी, करणी, गुण्या यांच्याबरोबर असतो, तो. आमच्या खानदेशात मला ओयंबा म्हणतात. पितळेचा आहे, मुठीत मावेल एवढा. खाली टोक, पोटातून वर आलेली दोरी, आणि त्या दोरीत ओवलेला लाकडाचा एक गुटका. गुटका भिंतीला वरच्या बाजूला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला नुसता चाटून राहिलो तर भिंत सरळ. टेकून बसलो किंवा दूर राहिलो, तर कुठंतरी चुकलं. आयुष्यात मला एवढं एकच सांगता येतं. लिहिता-वाचता येत नाही, मोजता येत नाही, कोनही कळत नाही. सरळ खाली कुठं, एवढंच.

माझा जन्म अमळनेरचा. तेलाच्या जुन्या मिलच्या मागं एक खरादी बसायचा. मोडीतली पितळी तोटी आणि कुणाच्या तरी घरची तळ गेलेली कळशी वितळवून त्यानं मला ओतलं आणि खरादावर धरलं. फिरून फिरून माझी कातडी निघाली तेव्हा आतला मी दिसलो. मग त्यानं माझ्या पोटातून मधोमध भोक पाडलं आणि उन्हात उभं राहून कितीतरी वेळ मला दोरीला सोडून बघितलं. भोक केसभर बाजूला गेलं असतं तर मी जन्मभर खोटं बोललो असतो आणि मला ते कळलंही नसतं. त्याच्या हातून ते झालं नाही. त्याचे उपकार.

मला पहिल्यांदा विकत घेतलं जीवराम मिस्त्रीनं. अंगानं वाळकुडा, तोंडानं फटकळ माणूस. त्यानं जळगावपासून धुळ्यापर्यंत गावोगाव घरं बांधली. म्हातारा झाला, डोळ्यांत फूल पडलं, तेव्हा त्यानं मला त्याच्या हाताखाली शिकलेल्या लोटनच्या हातात दिलं. देताना एक वाक्य म्हणाला. ते तेव्हा लोटनला कळलं नाही, मलाही नाही. ते पुढं सांगतो.

लोटन शेतकऱ्याच्या घरचा. वावर थोडं, भाऊ तिघं, म्हणून हा गवंडीकामाला आला. वय असेल पंचविशीचं. मी हातात आल्यावर त्याला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. दर दोन थरांनी मला सोडायचा. जीवरामनं शिकवलेलं सगळं बोटावर मोजल्यासारखं करायचा. विटा आदल्या दिवशी भिजवायच्या, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, पाया तीन फूट, जोतं दोन फूट, भिंत सुताला, कोपरा गुण्याला. यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. मी साक्षीला होतो.

स्वतःच्या नावावर त्यानं घेतलेलं पहिलं काम म्हणजे एका शेतकऱ्याच्या मळ्यातला गोठा. भर काळीतली, म्हणजे काळ्या मातीतली जागा. उन्हाळ्यात काळी दगडासारखी कडक असते, पहार मारली तर ठिणगी उडते. लोटनला वाटलं, एवढी घट्ट भुई, तीन फूट म्हणजे खूप झालं. भिंती उभ्या राहिल्या. लोक येऊन हात फिरवून गेले. मी प्रत्येक भिंतीला चाटून राहिलो होतो. लोटननं गावात पेढे वाटले.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. दुसऱ्या वैशाखात त्या काळीला अशा भेगा पडल्या की त्यात लहान पोराचा पाय जावा. आणि एक दिवस दुपारच्या उन्हात गोठ्याची पश्चिमेची भिंत आत आली. आत गाय होती. ती वाचली. तिचं वासरू राहिलं भिंतीखाली.

लोटन धावत आला. जी भिंत अजून उभी होती तिला त्यानं गुटका टेकवला आणि मला सोडलं. मी भिंतीपासून चार बोटं लांब लटकलो. त्यानं मला पुन्हा पुन्हा सोडून पाहिलं. मग दोरी तशीच हातात धरून तो खाली बसला आणि रडला. माझ्याकडं बघून म्हणाला की तू तर सांगितलं होतंस सरळ आहे. मी काय बोलणार? मी बोललो ते खरंच होतं. ते त्या दिवसाचं होतं.

जीवराम मिस्त्रीला हात धरून तिथं आणलं. त्याला दिसत नव्हतंच. तो वाकला, भेगेत हात घातला, मनगटापर्यंत गेला. मग देताना बोललेलं वाक्य तो पुन्हा बोलला.

"ओयंबा भीत सांगस रे लोटन, भुई नही सांगस."

त्या दिवसापासून लोटनच्या कामाची रीत बदलली. तो मला सगळ्यात शेवटी बाहेर काढू लागला. कुणी घर बांधायला बोलावलं की हा आधी दोन-चार दिवस नुसता हिंडायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री कामाला आलाय का सोयरीक जमवायला. शेजारच्या जुन्या भिंती बघायचा, भेग असली तर ती खाली रुंद आहे का वर, ते बोटानं मापायचा. विहिरीचं पाणी चैत्रात किती खाली जातं ते विचारायचा. घरातल्या म्हाताऱ्या बाईपाशी बसून, पावसाचं पाणी कुठं साचतं, किती दिवस साचतं, ते ऐकायचा. एक खड्डा खणायचा आणि खालचं ढेकूळ तांब्यातल्या पाण्यात टाकून बिडी संपेपर्यंत ते किती फुगतं, किती विरतं ते बघत बसायचा. काळी असेल तर सगळी उपसून काढायला लावायचा, खालचा मुरूम लागेपर्यंत. नाही लागला तर बाहेरून मुरूम आणून थराथरानं पाणी मारून धुमसानं ठोकून बसवायचा. आणि जोतं बांधून झालं की हात झटकून सांगायचा की आता एक पावसाळा याला खाऊ द्या. पुढच्या वर्षी भिंती.

लोकांना घाई असायची. काही जण दुसऱ्या मिस्त्रीकडं जायचे. जे थांबले त्यांची घरं अजून उभी आहेत.

आता लोटनचं सगळंच बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. मी त्याच्या पिशवीत होतो, मला माहीत आहे. एकदा धुळ्याच्या पलीकडं काम निघालं. माळावरची जागा. लोटननं तिथंही हट्टानं सहा फूट पाया मांडला. दीड फुटाखाली पक्का खडक लागला आणि हा तरी खणायला लावतोय. घरमालक दोन दिवस नुसता खड्डा बघून गेला. तिसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून म्हणाला, "मिस्तरी, घर बांधतस का हीर खंदतस?"

मजूर फिदीफिदी हसले. लोटनही हसला, पण रात्री जेवला नाही. भुईला विचारायचं हे तो शिकला होता, आणि शिकलेलं इतकं पाठ झालं होतं की या भुईला विचारायचं तेवढं राहून गेलं. अनुभवाचंही असंच असतं. त्याला गंज चढायला वेळ लागत नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या जागी तो नवशिक्यासारखा जायचा. चपला काढून जायचा.

लोटनच्या हाताखाली तीस वर्षं पाट्या वाहिल्या वच्छलाबाईनं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि तोंडानं सतत कुणाची तरी नक्कल. लोटन भाऊ तांब्यात ढेकूळ टाकून कसा बघतो, त्याची ती हुबेहूब नक्कल करायची. गावातलं असं एक नवं घर नसेल ज्याचा सिमेंट-वाळूचा मसाला तिच्या डोक्यावरून गेला नाही. ती स्वतः मात्र गावठाणात, पांढरीवर, म्हणजे न फुगणाऱ्या पांढऱ्या मातीवर, एका पत्र्याच्या खोलीत राहायची. खोलीमागं मोरीचं पाणी जायचं, त्यावर तिनं केळीचा एक गड्डा लावला होता. खानदेशात कुणी मोरीचं पाणी वाया घालवत नाही. तीस वर्षं ती केळ तिथं होती. दर वर्षी एक घड द्यायची, आणि वच्छलाबाई तो फणी-फणी करून कामावर वाटायची.

लोटनचा मुलगा प्रेमराज. धुळ्याला शिकला, बांधकामाचा डिप्लोमा केला आणि एका ठेकेदाराकडं लागला. गुणी पोरगा. सिमेंटमध्ये हात मारणारा नाही, मोजमापात इकडचं तिकडं करणारा नाही. त्याच्याकडं भिंतीवर लाल रेघ मारणारं यंत्र होतं. त्याला डोलणं थांबायची वाट बघावी लागत नाही. मला त्याचा हेवा वाटला नाही. दोघांनाही एकच गोष्ट येत होती.

दोन-अडीच वर्षांपूर्वी गावात सरकारी घरकुलं मंजूर झाली. सतरा घरं. पांढरीवर जागा उरली नव्हती, म्हणून ती नाल्याच्या अंगाला काळीत बांधायची ठरली. काम प्रेमराजच्या ठेकेदाराला मिळालं. सतरातलं एक घर वच्छलाबाईचं.

लोटन तेव्हा सत्तरीच्या आसपास होता. गुडघे गेले होते. तरी काठी टेकत जागेवर गेला, खड्डा बघितला, तांब्या मागवला. मग मुलाला म्हणाला की इथं तीन फूट चालायचं नाही. मुरूम लागेपर्यंत जा आणि जोत्यावर एक पावसाळा जाऊ दे.

प्रेमराज बापाचा मान राखून बोलला. म्हणाला, "आबा, नकाशात तीन फूट आहे. सहा खणले तर वरचे मला विचारतील का खणले. तीन खणले तर कुणीच विचारणार नाही."

लोटन म्हणाला की भुई विचारेल.

"ते कागदावर कसं लिहू?"

लोटनला माहीत होतं, पण ते सांगायचं कसं हे माहीत नव्हतं. त्यानं कधी काही लिहून ठेवलं नाही, त्याला ते येतही नव्हतं. ढेकळाकडं बघून त्याला जे दिसायचं त्याला फूट-इंच नव्हते. आणि तीन फूट लिहिणारा मूर्ख नव्हता, हेही मी सांगतो. त्यानं कुठल्या तरी चांगल्या भुईवर ते ताडून बघितलं असणार. फक्त ती भुई ही नव्हती. शिवाय प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाईलमधून वर पाठवायचा होता, मार्चच्या आत. जोतं पावसाळाभर नुसतं पडून राहिलं, असा टप्पा त्या मोबाईलमध्ये नव्हता.

लोटननं शेवटचा उपाय म्हणून वच्छलाबाईला सांगून पाहिलं. घर तिचं, ती अडून बसली तर निदान तिच्या घरापुरतं थांबतील, असं त्याला वाटलं असावं. ती नेहमी हसणारी बाई त्या दिवशी हसली नाही. आखाजी चार-पाच महिन्यांवर होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. तिनं आजवर ती पत्र्याखाली भरली होती.

"लोटन भाऊ," ती म्हणाली, "तीस वरीस दुसरासना घरनी माती वाही मी. आखो एक पावसाया? मन्हा मालकनी घागर यंदा मन्हा घरमा भरू दे."

लोटननं काठी उचलली आणि तो परत फिरला. तिथं तो चुकला, असं तो पुढं स्वतःच म्हणायचा. भुईचं त्याला कळत होतं, पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून त्याला ते बोलवेना.

घर झालं. एक खोली, स्वयंपाकघर, मागं मोरी, वर स्लॅब. लाल रेघ सरळ पडली. शेवटच्या कोपऱ्याला लोटननं हट्टानं मला सोडलं. मी चाटून राहिलो. सरळ. प्रेमराजनं बापाकडं बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, पण लोटनला ते लागलं. त्यानं दोरी गुंडाळली आणि मला पिशवीत टाकलं. आखाजीला वच्छलाबाईनं नव्या घरात घागर भरली. तिच्यावर खरबूज ठेवलं, पुरणाच्या मांड्यांचा नैवेद्य दाखवला, आणि सतरा घरांना पुरतील एवढे मांडे वाटत सुटली.

जुन्या खोलीमागची केळही तिनं खणून आणली. नव्या घराच्या मोरीमागं, अगदी कोपऱ्याला लावली. पांढरीवर तीस वर्षं ती भिंतीशेजारीच होती, तिथं कधी काही झालं नाही. मग इथं काय होणार?

झालं ते पुढच्या उन्हाळ्यात. सगळ्या काळीनं पाणी सोडलं, आकसली, भेगाळली, खाली बसली. एक तो कोपरा मात्र केळीच्या पाण्यानं बारा महिने ओला, फुगलेला. घर एका अंगानं खाली चाललं आणि दुसऱ्या अंगानं आहे तिथंच राहिलं. खिडकीच्या कोपऱ्यातून वरपर्यंत एक तिरपी भेग गेली. वच्छलाबाईनं आधी तिच्यावर देवाचं कॅलेंडर टांगलं. भेग कॅलेंडरच्या बाहेर आली तेव्हा तिनं प्रेमराजला निरोप दिला.

प्रेमराज आला. अशा भेगेचं काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. कडा खरवडल्या, मसाला भरला, घोटला, रंग मारला, फोटो काढून पाठवला. वर तक्रार मिटली.

ज्येष्ठात भेग त्याच जागी पुन्हा उघडली. आता बोट जात होतं. वच्छलाबाईनं अंथरूण बाहेर ओट्यावर आणलं. ती कुणावर चिडली नाही. जुन्या खोलीचा पत्रा अजून कुणी नेला नाही ना, एवढंच तिनं लोटनला विचारलं. त्या विचारण्यानं लोटन घायाळ झाला.

तो मला घेऊन तिथं आला. प्रेमराज मसाल्याचं घमेलं कालवून बसला होता. लोटननं काठीनं ते घमेलं बाजूला सारलं.

"बुजू नको," तो म्हणाला. "भेग बोली ऱ्हायनी. तिना तोंडमा बोया कोंबू नको. तू आयक."

"किती दिवस, आबा?"

"भुईले इचार."

मग त्यानं प्रेमराजला शिडीवर चढवलं. भिंतीत वर एक खिळा मारून घेतला, त्याला माझी दोरी बांधली, आणि मला खोलीत जमिनीच्या वर दोन बोटं सोडलं. आम्ही सगळे थांबलो. वच्छलाबाईनं पंखा बंद केला. माझं डोलणं थांबलं तेव्हा प्रेमराजनं माझ्या टोकाखाली फरशीवर पेन्सिलीनं एक फुली मारली आणि शेजारी तारीख लिहिली.

तोवर मी जन्मभर भिंती उभ्या करायला वापरला गेलो होतो. वर सोडा, खाली बघा, गुंडाळा. एका भिंतीपाशी थांबायचं काम मला पहिल्यांदाच मिळालं. दर महिन्याला प्रेमराज यायचा आणि नवी खूण करायचा. आषाढात माझं टोक सरकलं. श्रावणात भुई भरली तशी भेग मिटत आली आणि मी जुन्या फुलीच्या जवळ परतलो. प्रेमराज चक्रावला. त्याच्या पुस्तकातली भेग एकदा पडायची आणि तशीच राहायची. ही श्वास घेत होती.

लोटन मुलाला स्वतःहून काही सांगत नव्हता. नुसता विचारायचा. बाकीच्या घरांचं काय? केळ कुणाकुणाच्या मागं आहे? मग प्रेमराज पहार आणि वही घेऊन सतरा दारं हिंडला. आधी घरातल्या पुरुषांना विचारायचा, नंतर त्याला कळलं की मोरीचं पाणी कुठं जातं ते बायांना विचारायचं असतं. ज्यांनी पाणी लांब नाल्यात सोडलं होतं त्यांच्या भिंतींना केसाएवढ्या भेगा. मोरीमागं केळ होती त्या तीन घरांपैकी दोन तडकली होती. तिसरं का नाही, म्हणून तो आठवडाभर डोकं खाजवत होता. शेवटी तिथं खड्डा घेतला, तर रस्त्याच्या त्या अंगाला चार फुटांवरच मुरूम. हे सांगायला तो पळत घरी गेला; तिथलं मी नंतर त्यानं वच्छलाबाईला सांगताना ऐकलं. लोटन खाटेवर होता. त्यानं ऐकलं, डोळे मिटले आणि हसला. प्रेमराजला पहिल्यांदा कळलं की आबा तांब्यात काय बघायचे.

आश्विनात लोटन गेला. झोपेतच गेला. मी खिळ्याला होतो, मला नेलं नाही. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रेमराज मुंडन केलेल्या डोक्यानं तसाच आला, माझ्या टोकाशी उकिडवा बसला आणि खूण केली. मग तो उठलाच नाही. वच्छलाबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि ती माझ्या पलीकडं बसली. दोघांचे श्वास लागून मी हलत होतो.

मार्गशीर्षात कामाला हात घातला. हे काम कुठल्याच कागदात बसत नव्हतं, म्हणून प्रेमराज आणि गावातले दोन गवंडी सुटीच्या दिवशी करायचे. आधी केळ काढायची होती. तिला घड लागलेला. वच्छलाबाई म्हणाली, घड तरी उतरू द्या. पूर्वीचा प्रेमराज थांबला नसता. या वेळी तो तीन आठवडे थांबला. घड उतरला, सगळ्यांना फण्या मिळाल्या, आणि मग तिनं स्वतः कुदळ मारली. मोरीचं पाणी नळीनं नाल्यापर्यंत नेलं. केळीचा गड्डा त्या नळीच्या तोंडाशी लागला, घरापासून चाळीस पावलांवर. मग कोपऱ्याखालचा पाया एकदम न उघडता हातहातभर उघडत गेले. साडेसात फुटांवर मुरूम लागला. तिथून वर भरत आले. घराभोवती उताराची फरशी केली, म्हणजे पाणी भिंतीशी थांबायचं नाही. भेग मात्र प्रेमराजनं अजून भरली नाही.

त्याच्या वहीत आता बरंच काही आहे. कुठं किती खोल काळी, कुणाचं पाणी कुठं, कुठल्या महिन्यात मी कुठं. तो म्हणतो, हे सगळं नीट लिहून वर देणार, म्हणजे पुढची घरं तीन फुटांवर बांधली जाणार नाहीत. मला बरं वाटतं. थोडी धास्तीही वाटते. उद्या कुणी त्याच्या वहीतले साडेसात फूट घेऊन धुळ्याच्या माळावर खडक फोडत बसला तर? त्याला हसायला काठावर कुणीतरी असो, एवढीच माझी इच्छा.

परवा आखाजी झाली. वच्छलाबाईनं याच खोलीत घागर भरली, माझ्यापासून हातभर अंतरावर. यंदा तिनं पाणी सोडताना दोन नावं घेतली. एक मालकाचं आणि एक लोटन भाऊचं. संध्याकाळी प्रेमराज स्वतःच्या घरची घागर आटोपून आला. पंखा बंद केला. फरशीवर आता अकरा महिन्यांच्या खुणा आहेत, कोंबडीच्या पावलांसारख्या. मी थांबलो. गेले तीन महिने मी एकाच खुणेवर आहे, भर उन्हाळ्यात.

प्रेमराजनं वही उघडून मागच्या तारखा ताडून बघितल्या. कुठल्याही ठेकेदारानं आता मसाला भरून फोटो काढला असता. वच्छलाबाईचं अंथरूण अजून ओट्यावरच आहे. आत यायचं की नाही, हे ती याच्या तोंडून ऐकायला थांबली होती.

तो म्हणाला, "अक्का, मला वाटतं थांबलंय. पण खात्रीनं नाही सांगता येत. अजून एक पावसाळा जाऊ द्यायचा का?"

ती घागरीकडं बघून म्हणाली.

"जाऊ दे भाऊ. आते माले घाई नही."

म्हणून मी अजून इथं लटकून आहे. पुढं हे घर राहील की नाही, मला विचारू नका. मी आजचं सांगतो, तेही डोलणं थांबल्यावर. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असला तर त्याला फेकू नका, मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर भिंतही चढवू नका. आधी चपला काढून त्या जागेवर फिरून या. तिथल्या म्हाताऱ्या बाईला विचारा पाणी कुठं साचतं. मग मला सोडा.

दार उघडलंय बहुतेक. वारा आला. आता थोडा वेळ मला बोलता येणार नाही.